कलावंताची आठवण आणि चित्रपटाचा इतिहास

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी केलेल्या भूमिकेतला संवाद वयोवृद्ध नट आजही एका दमात, त्याच चढउतारांसह म्हणून दाखवतो. पण तो चित्रपट कोणत्या साली प्रदर्शित झाला असे विचारले, की तोच नट दोन-तीन वर्षांनी चुकतो आणि पुढच्या मुलाखतीत आणखी तिसरेच साल सांगतो. एकाच चित्रपटाविषयी दिग्दर्शक, नायिका आणि छायालेखक यांच्याशी वेगवेगळे बोलणे झाले, तर हाती येणाऱ्या तीन हकिगती एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, आणि तिघांपैकी कोणालाही खोटे बोलण्याचे काही कारण नसते. अशा वेळी वाचक एक तर सांगितलेले सगळे खरे धरतो, नाही तर सिनेमावाल्यांच्या गप्पा म्हणून सगळेच सोडून देतो. या दोन्ही सवयींमुळे नुकसान होते, कारण कलावंताची दीर्घ मुलाखत हे इतिहासाचे एक साधन आहे आणि ते कसे घडते, कोठे पक्के असते, कोठे कच्चे राहते, हे समजून घेता येते.

रायपूरमध्ये हा प्रश्न निकडीचा का

मुंबई, पुणे आणि कोल्हापूर येथील चित्रपटांविषयी जुनी मासिके, स्टुडिओंची कागदपत्रे, पुस्तके अशी बरीच सामग्री आहे. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि त्या संस्थेने १९८० च्या दशकात जुन्या कलावंतांच्या व तंत्रज्ञांच्या मुलाखतीही ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. तरीही भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी पूर्ण किंवा अर्धेमुर्धे असे तीसच्या आसपासच आज उरले आहेत, आणि १४ मार्च १९३१ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या बोलपटाची एकही प्रत हाती नाही. मोठ्या केंद्रांची ही अवस्था असेल, तर छत्तीसगढसारख्या प्रदेशात चित्रपटांचा इतिहास किती प्रमाणात माणसांच्या बोलण्यावर अवलंबून असेल, याची कल्पना करता येते.

छत्तीसगढी भाषेतला पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ साली आला. त्याचे निर्माते-दिग्दर्शक मनु नायक १९५७ मध्ये मुंबईला गेले, तेथे महेश कौल यांच्या चित्रसंस्थेत काम करताना त्यांनी हा धंदा आतून पाहिला आणि भोजपुरीतल्या पहिल्या चित्रपटाचे, म्हणजे १९६३ च्या ‘गंगा मैया तोहे पियरी चढ़ाइबो’चे यश पाहून आपल्या बोलीत चित्रपट काढण्याचे ठरवले. चित्रण पलारी गावात झाले आणि गाण्यांसाठी मोहम्मद रफींचा आवाज मिळाला. १९७१ मध्ये ‘घर द्वार’ हा दुसरा चित्रपट आला आणि त्यानंतर जवळजवळ तीन दशके गेल्यावर, स्वतंत्र राज्य होण्याच्या तोंडावर, ऑक्टोबर २००० मध्ये सतीश जैन यांच्या ‘मोर छंइहा भुंइया’ने प्रेक्षकांना पुन्हा चित्रपटगृहांकडे खेचले. एवढ्या मोठ्या अंतरात जे घडले, जे घडता घडता राहिले आणि ज्यांनी पडद्यामागे कामे केली, त्यांची नोंद छापील स्वरूपात फार थोडी आहे.

रायपूरचा तात्यापारा हा अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीबरोबर या प्रदेशात मराठी कुटुंबे येऊ लागल्यापासूनच्या परंपरेशी नाते सांगणारा, शहराच्या मध्यातला भाग. त्याच्या आसपास, शारदा चौकापासून सदर बाजारापर्यंत, एकपडदा चित्रपटगृहांचा जुना पट्टा होता. घरी मराठी, बाजारात हिंदी आणि गावाकडून येणाऱ्या माणसांशी छत्तीसगढी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या येथील ज्येष्ठांनी तो काळ प्रेक्षक म्हणून पाहिला आहे. या पिढीशी आणि त्या काळच्या कलावंतांशी पद्धतशीर बोलणे आजच शक्य आहे. आणखी वीस वर्षांनी ते कोणालाही जमणार नाही.

संवाद पाठ, साल विसरलेले

सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर असे, की स्मरण ही एकच शक्ती नसून तिच्या निरनिराळ्या जाती आहेत. शरीराला लागलेली सवय एका प्रकारे साठते, स्वतःच्या बाबतीत घडलेला प्रसंग दुसऱ्या प्रकारे, आणि साल, आकडा, पत्ता यांसारखी माहिती तिसऱ्या प्रकारे. नटाचा संवाद पहिल्या दोन प्रकारांच्या आधाराने टिकतो. हेल्गा आणि टोनी नॉइस या संशोधकांनी नट संहिता कशी पाठ करतात याचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांना असे आढळले, की अनुभवी नट शब्द घोकत बसत नाहीत, तर पात्र हे वाक्य आत्ताच का बोलते, समोरच्याकडून त्याला काय हवे आहे, याचा शोध घेतात. शिवाय ज्या वाक्यांबरोबर हालचाल जोडलेली असते, ती वाक्ये प्रयोग संपून काही महिने उलटल्यावरही अधिक चांगली आठवतात. याच कारणाने वृद्ध अभिनेत्रीला खुर्चीत बसवून संवाद विचारला तर ती अडखळते, पण उभे राहून दोन पावले टाकायला सांगितले की पुढचे शब्द आपोआप येऊ लागतात. सालाला असा हेतूही नसतो आणि हालचालही नसते, त्यामुळे ते लवकर निसटते.

दुसरी गोष्ट वयाशी निगडित आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात. मानसशास्त्रात या वाढीला स्मरणाचा उंचवटा म्हणता येईल असे नाव आहे. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडणे अशा पहिलेपणाच्या घटना याच वयात घडतात आणि माणसाची स्वतःविषयीची ओळखही तेव्हाच बनते. चित्रपटातली कारकीर्द बहुधा विशीत सुरू होत असल्यामुळे पहिला चित्रपट, पहिला मेकअप, पहिला कॅमेरा यांविषयी कलावंत तासभर बोलतो, तर सतराव्या आणि अठराव्या चित्रपटांची सरमिसळ करतो. मुलाखतीच्या सुरुवातीच्या भागाला भरघोसपणा आणि मधल्या भागाला त्रोटकपणा येतो तो यामुळे; हा मधला भाग कमी महत्त्वाचा असतो असे मात्र नाही, आणि तयारीने आलेल्या मुलाखतकाराची खरी कसोटी तेथेच लागते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की लोकांना एक अपरिचित लोककथा वाचायला देऊन काही काळाने पुन्हा सांगायला लावली, तर ते ती आपल्या समजुतीच्या साच्यात बसवून सांगतात, विचित्र तपशील गाळतात आणि न कळलेल्या जागी पटणारे कारण घालतात. म्हणजे आठवणे ही साठवलेली वस्तू कपाटातून बाहेर काढण्याची क्रिया नसून ती वस्तू दर वेळी नव्याने तयार करण्याची क्रिया आहे. घरोघरी दही लावताना कालच्या दह्याचे विरजण वापरतात, तसेच येथे होते: आजची हकीगत मूळ प्रसंगापासून सरळ निघत नाही, तर ती गेल्या वेळी जशी सांगितली होती त्या सांगण्याच्या विरजणावर लागते, आणि मधे कधी त्यात काही पडले असेल तर ते पुढच्या प्रत्येक दह्यात उतरते. प्रसिद्ध कलावंताने एखादा किस्सा सत्कारांतून आणि दिवाळी अंकांतून शंभर वेळा सांगितलेला असतो; त्यामुळे तो सर्वांत घोटीव असतो आणि मूळ प्रसंगापासून सर्वांत दूर गेलेला असण्याची शक्यताही त्याचीच जास्त. ज्याला कधी कोणी काही विचारलेच नाही, अशा ध्वनिमुद्रकाची किंवा रंगभूषाकाराची अडखळत येणारी आठवण अनेकदा अधिक ताजी निघते, ती याच कारणाने.

प्रश्नातला शब्द उत्तरात उतरतो

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली केलेला एक प्रयोग मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि मोटारींचा वेग किती होता असे विचारले. फक्त काहींना विचारताना गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ अशा अर्थाचे जोरदार क्रियापद वापरले, तर काहींना त्या एकमेकींना ‘लागल्या’ असे सौम्य. पहिल्या गटाने वेग सरासरी ताशी सुमारे ४० मैल सांगितला, तर दुसऱ्याने सुमारे ३२. याच मालिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात आठवडाभराने फुटलेली काच दिसली होती का, असे विचारल्यावर, चित्रफितीत काच फुटलेलीच नसताना, जोरदार शब्द ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जास्त जणांनी होकार दिला.

हे मुलाखतीला लावून पाहावे. ‘कहि देबे संदेस’ची कथा ब्राह्मण मुलगी आणि सतनामी समाजातला मुलगा यांच्या प्रेमाची असल्यामुळे त्या चित्रपटावरून वाद झाला होता. या प्रकरणाविषयी त्या काळच्या एखाद्या माणसाला ‘विरोध किती तीव्र होता?’ असे विचारले, तर विरोध होता आणि तो तीव्र होता या दोन्ही गोष्टी प्रश्नकर्त्याने आधीच पुरवलेल्या असतात आणि सांगणारा फक्त तीव्रतेचे माप ठरवतो. ‘चित्रपट लागला त्या आठवड्यात तुम्ही कोठे होता, गावात काय बोलले जात होते?’ असे विचारले, तर सांगणाऱ्याला स्वतःच्या जागेवरून सुरुवात करावी लागते, आणि विरोध त्याच्यापर्यंत पोहोचला असेल तर तो स्वतःहून येतो, नसेल तर येत नाही. हे न येणेही माहितीच आहे, कारण वाद वर्तमानपत्रात मोठा आणि गल्लीत लहान असू शकतो.

सालांच्या बाबतीत पद्धत आणखी वेगळी. माणसे आपले आयुष्य सनावळीने लक्षात ठेवत नाहीत. लग्न, बाळंतपण, बदली, घरातले मरण यांच्या आगेमागे ठेवतात. म्हणून कुशल मुलाखतकार थेट साल न विचारता टेकू पुरवतो: भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हा (१९५९), चीनशी लढाई झाली तेव्हा (१९६२), आणीबाणी होती तेव्हा (१९७५ ते १९७७), इंदिरा गांधींची हत्या झाली तेव्हा (१९८४), छत्तीसगढ वेगळे झाले तेव्हा (२०००). ‘चित्रण भिलाईच्या आधीचे की नंतरचे?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर ‘कोणते साल?’ या प्रश्नाच्या उत्तरापेक्षा पुष्कळ भरवशाचे असते.

कोण कोठे उभा होता

चित्रपट कथेच्या क्रमाने चित्रित होत नाही. एका जागेवरचे सगळे प्रसंग एकदम उरकतात, मग ते कथेत सुरुवातीला असोत की शेवटी. नायिकेच्या तारखा मिळतील तेव्हा तिचे मृत्यूचे दृश्य आधी आणि लग्नाचे नंतर घेतले जाते. साहजिकच नटाच्या डोक्यात चित्रपट हा जागांच्या आणि दिवसांच्या क्रमाने बसलेला असतो, प्रेक्षकाच्या डोक्यात कथेच्या क्रमाने, आणि निर्मात्याच्या डोक्यात पैसे कधी संपले आणि कधी आले या क्रमाने. ‘मध्यंतरानंतरचे ते दृश्य कसे केले?’ या प्रश्नाने नट गोंधळतो, कारण ते दृश्य मध्यंतरानंतर येते हे त्याला संकलन झाल्यावर कळलेले असते. नदीकाठच्या चित्रणाविषयी विचारले, तर त्याच दिवशी घेतलेल्या चार दृश्यांचे तपशील सलग येतात. दिग्दर्शक आणि नट यांच्या हकिगतींतला बराचसा विरोध हा खऱ्याखोट्याचा नसून उभे राहण्याच्या जागेचा असतो, आणि तो विरोध मिटवण्याऐवजी प्रत्येकाची जागा नोंदवून ठेवली तर त्यातून चित्रणाचा पूर्ण नकाशा तयार होतो.

हाच मुद्दा लोककलावंतांच्या बाबतीत अधिक ठळक होतो. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरमध्ये जन्मलेले आणि नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले हबीब तन्वीर यांनी छत्तीसगढच्या ‘नाचा’ या लोकनाट्यातल्या कलावंतांना घेऊन उभे केलेले ‘चरनदास चोर’ श्याम बेनेगल यांनी १९७५ मध्ये पडद्यावर आणले. त्या वेळचे कलावंत वर्षानुवर्षे रात्ररात्र उघड्यावर, प्रेक्षकांचा प्रतिसाद घेत खेळ करणारे होते. त्यांच्यासमोर प्रेक्षकांच्या जागी कॅमेरा आला आणि एकच दृश्य तुकड्यातुकड्याने पुन्हा पुन्हा करावे लागले. पुढे २०१० च्या ‘पीपली लाइव्ह’मध्ये नत्थाची प्रमुख भूमिका करणारे ओंकारदास माणिकपुरी हेही तन्वीर यांच्या नया थिएटरमध्येच घडलेले नट. अशा कलावंतांना ‘चित्रपटातली कारकीर्द’ विचारली तर उत्तर दोन वाक्यांत संपते, कारण त्यांच्या हिशेबी कारकीर्द नाचाची, खेळांची आणि शेतीच्या हंगामांची असते आणि चित्रपट हा तिच्यातला एक मुक्काम असतो. प्रश्नांची यादी मुंबईच्या नटाला समोर ठेवून तयार केलेली असेल, तर रायपूरमध्ये ती पहिल्याच तासाला निरुपयोगी ठरते.

चौकट : ‘पहिला चित्रपट’ म्हणजे कोणता?

स्मिता पाटील यांचा पहिला चित्रपट कोणता, याची वेगवेगळी उत्तरे छापलेली आढळतात. कोणी पुण्याच्या चित्रपट संस्थेतला अरुण खोपकर यांचा ‘तीव्र मध्यम’ सांगतो, कोणी बेनेगल यांचा ‘चरनदास चोर’. या उत्तरांत भांडण नाही. ‘पहिला’ या शब्दाने करार झालेला पहिला, चित्रित झालेला पहिला, प्रदर्शित झालेला पहिला, व्यावसायिक वितरण झालेला पहिला अशा निदान चार गोष्टी सुचवल्या जातात आणि चित्रण व प्रदर्शन यांत काही वेळा वर्षे जातात. मुलाखतीत ‘पहिला’ हा शब्द आला, की यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे हे त्याच वेळी विचारून घेतले, तर पुढचे निम्मे वाद टळतात.

विचारायचे कोणत्या भाषेत

दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाच्या आठवणी भाषेनुसार कमीजास्त उघडतात, हे व्हिओरिका मेरियन आणि उलरिक नाइसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसून आले. लहानपणी रशियन बोलणाऱ्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या लोकांशी त्यांनी आलटूनपालटून रशियन आणि इंग्रजीत बोलून, काही शब्द देऊन आयुष्यातले प्रसंग आठवायला सांगितले. रशियनमध्ये विचारल्यावर रशियात घडलेले, त्या भाषेत जगलेले प्रसंग अधिक आले, इंग्रजीत विचारल्यावर अमेरिकेतले. प्रसंग घडताना कानांवर जी भाषा होती ती त्या प्रसंगाचाच भाग बनते आणि ती भाषा पुन्हा ऐकू आली की प्रसंगाची वाट मोकळी होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

तात्यापाऱ्यात बसून छत्तीसगढी चित्रपटाविषयी बोलणाऱ्या मराठी माणसाच्या बाबतीत याचा अर्थ फार व्यवहारी आहे. अशा माणसाचे बालपण आणि घर मराठीत साठलेले असते, शाळा, आकाशवाणी आणि थिएटरच्या खिडकीवरचे बोलणे हिंदीत, आणि चित्रणाच्या गावातले, गाडीवानाशी, स्वयंपाक करणाऱ्या बाईशी, गर्दीतल्या गावकऱ्यांशी झालेले बोलणे छत्तीसगढीत. संपूर्ण मुलाखत मराठीत घेतली, तर वडिलांचा सिनेमाला असलेला विरोध, आईने चोरून दिलेले पैसे, पहिल्यांदा पडद्यावर दिसल्यावर शेजारी काय म्हणाले, हे भरभरून येते. पण चित्रणाचा भाग आला की सांगणारा सारांश देऊ लागतो. हे शुष्क सारांश त्याच्या विसरण्याचे लक्षण मानले जातात, प्रत्यक्षात ते भाषांतराचे लक्षण असते. त्या टप्प्यावर मुलाखतकाराने छत्तीसगढीत किंवा हिंदीत एखादा प्रश्न टाकला, तर अचानक नावे येतात, शिव्या येतात, दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून कसा ओरडत असे त्याची नक्कल येते.

यावरून असा नियम निघतो, की मुलाखत एका भाषेची शिस्त पाळून घेऊ नये. कारकिर्दीचा जो टप्पा ज्या भाषेत जगला गेला, त्या टप्प्याविषयी त्या भाषेत विचारावे आणि उत्तर ज्या भाषेत येईल त्या भाषेत येऊ द्यावे. प्रकाशनाच्या वेळी मराठी वाचकासाठी अनुवाद करता येतो, मात्र मूळ उतारा जसाच्या तसा जपावा लागतो. मुंबईच्या स्टुडिओत बंगाली छायालेखक, पंजाबी निर्माता, मराठी कामगार आणि उर्दू संवादलेखक एकत्र काम करत असल्यामुळे हे तेथेही लागू पडते, पण तीन भाषा एकाच घराच्या उंबरठ्यावर भेटतात अशी रायपूरची स्थिती असल्याने येथे ते टाळताच येत नाही. येथील मराठी मंडळींना छत्तीसगढी येते, ही त्यांची या कामातली सर्वांत मोठी ताकद आहे, आणि बाहेरून आलेल्या कोणत्याही अभ्यासकाकडे ती नसते.

बोलण्यापासून छापील पानापर्यंत

ध्वनिमुद्रित बोलणे कागदावर उतरवायला मूळ बोलण्याच्या निदान चार-पाच पट वेळ लागतो, आणि हे काम केवळ लेखनिकाचे नसते. बोलणे चढउतारांनी, थांबण्याने, हशाने अर्थ सांगते; कागदावर पूर्णविराम आणि स्वल्पविराम एवढेच हाती असतात. कोठे परिच्छेद पाडायचा, पुनरुक्ती ठेवायची की काढायची, अर्धवट सोडलेले वाक्य पूर्ण करायचे की तसेच ठेवायचे, या प्रत्येक निर्णयात संपादकाचा हात उमटतो.

मराठीत या प्रक्रियेचे सर्वांत मोठे उदाहरण हंसा वाडकर यांचे. ‘संत सखू’, ‘रामजोशी’ आणि पुण्यात एकाच चित्रपटगृहात १३१ आठवडे चाललेला १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांच्या नायिकेने आपले आयुष्य पत्रकार अरुण साधू यांना सांगितले. ती कहाणी ‘माणूस’ या नियतकालिकातून प्रसिद्ध झाली आणि १९७० साली ‘सांगत्ये ऐका’ हेच नाव घेऊन पुस्तकरूपाने आली. एका अभिनेत्रीने संसार, मद्य, फसवणूक आणि स्वतःच्या चुका यांविषयी इतक्या उघडपणे बोलावे, हे मराठी वाचकाला नवे होते आणि आजही ते पुस्तक अंगावर येते. परंतु वाचकासमोर जे आहे ते प्रथमपुरुषी, सलग निवेदन आहे. कोणत्या प्रश्नामुळे कोणता प्रसंग निघाला, कोठे बाई गप्प झाल्या, कोठे विषय बदलला, हे पानावर राहिलेले नाही. प्रश्न पुसले की कहाणी आपोआप वाहिल्यासारखी वाटते. वाङ्मय म्हणून हा लाभ आहे, पुरावा म्हणून ही तूट आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

पुढचा टप्पा छत्तीसगढला जोडलेला आहे. या पुस्तकाच्या आधारे बेनेगल यांनी १९७७ मध्ये ‘भूमिका’ काढला, त्याच्या पटकथेत बेनेगल आणि गिरीश कार्नाड यांच्याबरोबर सत्यदेव दुबे होते, आणि दुबे बिलासपूरचे. मुंबईत येऊन मराठी रंगभूमीत मुरलेल्या आणि १९७१ मध्ये ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केलेल्या या रंगकर्मीला मराठी बाईचे बोलणे हिंदी पडद्यावर आणण्यासाठी लागणारा कान होता. पटकथेला आणि स्मिता पाटील यांच्या अभिनयाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चित्रपटातली नायिका मात्र हंसा नाही, उषा आहे. म्हणजे बोलण्यातून लेखन, लेखनातून पुस्तक, पुस्तकातून पटकथा, पटकथेतून दुसऱ्या अभिनेत्रीचा चेहरा असा प्रवास झाला, आणि आज अनेकांच्या मनात हंसा वाडकरांचा चेहरा स्मिता पाटलांचा असतो. ‘भूमिका’ पाहून हंसाबाईंच्या आयुष्याविषयी विधाने करणे त्यामुळे धोक्याचे ठरते.

याच्या उलट टोकाला १९२७-२८ ची भारतीय सिनेमॅटोग्राफ समिती आहे. दिवाण बहादूर रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखालील या सरकारी समितीने देशभर फिरून ३५३ साक्षीदारांना प्रश्न विचारले, आणि दादासाहेब फाळके हेही त्यांत होते. साक्षी प्रश्नोत्तरांसह छापल्या गेल्या. त्या वाचायला रुक्ष आहेत, पण प्रश्नकर्ता सरकारी आहे आणि म्हणून साक्षीदार कोठे सावध होतो, हे तेथे दिसते. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी ऑगस्ट १९६२ मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांच्याशी केलेली, १९६६ साली पुस्तकरूपाने आलेली प्रसिद्ध बातचीत या दोहोंच्या मधली: प्रश्न पुस्तकात आहेत, पण दोघांत समान भाषा नसल्यामुळे हेलन स्कॉट या दुभाषी होत्या, आणि ध्वनिफिती ऐकल्यावर छापील हिचकॉक हे प्रत्यक्ष बोलणाऱ्या हिचकॉकपेक्षा बरेच वेगळे असल्याचे अभ्यासकांच्या लक्षात आले. मूळ ध्वनिफिती जपल्या गेल्या म्हणूनच ही तुलना करता आली.

तारीख पडताळण्याच्या जागा

बोलण्यातले साल पडताळायचे कोठे, याची उत्तरे ठरलेली आहेत. सेन्सॉर प्रमाणपत्रावर चित्रपटाचे नाव, भाषा, लांबी, अर्जदार आणि तारीख असते. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कोणत्या शहरात कोणत्या शुक्रवारी चित्रपट लागला ते कळते. गाण्यांच्या तबकड्या आणि थिएटरबाहेर विकल्या जाणाऱ्या गीतपुस्तिका यांतून श्रेयनामावलीतली गळलेली नावे सापडतात. मात्र ही साधने एकमेकांशीही जुळत नाहीत, आणि त्याचे कारण वितरणात आहे.

चित्रपटाच्या धंद्यासाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांत विदर्भ, छत्तीसगढ आणि मध्य प्रदेशाचा काही भाग मिळून ‘सी. पी. बेरार’ हा एक विभाग होतो; ब्रिटिश काळातला प्रांत नकाशावरून गेला तरी वितरकांच्या वह्यांत तो टिकून राहिला. पूर्वी एका चित्रपटाच्या मोजक्याच प्रती निघत आणि त्या गावोगाव फिरत. त्यामुळे मुंबईत एका वर्षी लागलेला चित्रपट नागपूर-अमरावतीला काही आठवड्यांनी, रायपूरला त्यानंतर आणि लहान गावाला पुढच्या वर्षी पोहोचत असे. रायपूरच्या वृद्ध प्रेक्षकाने सांगितलेले साल संदर्भग्रंथातल्या सालाशी जुळत नाही, तेव्हा तो चुकला असे लगेच ठरवता येत नाही. त्याने आपल्या शहरातले साल सांगितलेले असू शकते, आणि त्याच्या दृष्टीने चित्रपट तेव्हाच जन्मला.

चुकीतून मिळणारी माहिती

पडताळणीनंतरही काही चुका उरतातच आणि त्या टाकून देण्याच्या लायकीच्या नसतात. इटलीतल्या तेर्नी या पोलाद कारखान्याच्या शहरात १७ मार्च १९४९ रोजी, नाटो करारात सामील होण्याविरुद्धच्या निदर्शनांत लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीला बळी पडला. अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या इतिहासकाराने तीसेक वर्षांनी तेथील कामगारांशी बोलणी केली, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ मधला, सामूहिक कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षातला असल्याचे सांगितले. कागदपत्रांवरून हे चूक होते. पोर्तेल्लींनी विचारले, की इतकी माणसे एकाच दिशेने का चुकतात? आपल्या माणसाचे मरण त्यांना दूरच्या करारापेक्षा स्वतःच्या पोटावर आलेल्या घाल्याशी जोडावेसे वाटले, आणि त्या चुकीतून शहराच्या मनात १९५३ ची जखम किती खोल होती हे कळले.

वर ज्यांचा उल्लेख आला त्या उलरिक नाइसर यांचा १९८१ चा अभ्यास याच वाटेने जातो. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणी विधी सल्लागार जॉन डीन यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या बोलण्यांविषयी १९७३ मध्ये सविस्तर साक्ष दिली, आणि नंतर त्याच बोलण्यांच्या गुप्त ध्वनिफिती बाहेर आल्या. ताडून पाहिल्यावर डीन यांनी सांगितलेले शब्द, क्रम आणि प्रसंग बऱ्याच अंशी चुकलेले निघाले, पण कटावर पांघरूण घालण्याविषयी ते जे सांगत होते त्याचा गाभा खरा ठरला.

‘मोर छंइहा भुंइया’ राज्यनिर्मितीच्या काही दिवस आधी लागला आणि राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. उद्या एखादा कलावंत किंवा प्रेक्षक ‘राज्य झाले आणि मग आमचा सिनेमा आला’ असा क्रम सांगू लागला, तर तो क्रम उलटा आहे हे जाहिरातीवरून सिद्ध होईल. पण राज्य आणि सिनेमा त्याच्या मनात एकाच घटनेच्या दोन बाजू बनल्या आहेत, ही माहिती कोणतीही जाहिरात देणार नाही. या कारणाने अशा मुलाखतींचा जाणता संपादक सांगणाऱ्याच्या तोंडचे साल मजकुरात बदलत नाही. ते तसेच छापून तळटिपेत प्रमाणपत्रावरची आणि रायपुरातल्या प्रदर्शनाची अशा दोन्ही तारखा देतो, प्रश्न कोणत्या भाषेत विचारला होता ते नोंदवतो, आणि मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत कुटुंबाकडे व एक संस्थेकडे ठेवतो.